अस्वलांच्या रानात शिधा

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अस्वलं गाड्या फोडतात, हे तिथल्या लोकांना जुनंच आहे. पण ती कोणत्या गाड्या फोडतात याचा हिशेब संशोधकांनी मांडला आणि २००९ साली 'जर्नल ऑफ मॅमॉलॉजी'त छापला, तेव्हा अस्वलांची निवड किती चोखंदळ आहे ते कळलं. २००१ ते २००७ या काळात ९०८ गाड्या फुटल्या होत्या आणि त्यांतला साधारण पाव हिस्सा मिनीव्हॅनचा होता. उद्यानात येणाऱ्या वाहनांत मिनीव्हॅन मात्र जेमतेम सात टक्क्यांच्या आसपास. संशोधकांनी सुचवलेली कारणं घरगुती आहेत. मिनीव्हॅन ही लेकुरवाळ्यांची गाडी. मागच्या सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा, पायाशी सांडलेला ज्यूस, डिकीत राहून गेलेला कूलर. शिवाय तिची दारं-खिडक्या वाकवायला सोप्या असाव्यात, आणि काही मोजक्या अस्वलांनी याच गाडीत प्रावीण्य मिळवलं असावं. दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेत नखं अडकवायची आणि सगळं वजन टाकून चौकट खाली ओढायची, एवढीच त्यांची युक्ती.

हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका लांबचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून योसेमिटी गाडीने चारेक तासांवर. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबं लाँग वीकेंडला तंबू घेऊन निघतात, सुट्टीवर आलेल्या आई-बाबांनाही घेऊन जातात, आणि सोबत चिवड्याचे डबे, लाडू, तूप, लोणचं आलंच. शंभर ग्रॅम तुपात नऊशेच्या आसपास कॅलरी असतात. शरद ऋतूत, लांबलचक झोपेच्या आधी, काळं अस्वल दिवसाला वीस हजारांपर्यंत कॅलरी पोटात घालू पाहतं आणि त्यासाठी दिवसाचे बहुतेक तास चरत असतं. एकेक ओकफळ वेचून हा आकडा गाठायचा म्हणजे काय कष्ट असतील ते बघा. मग तुपाची एक बरणी सापडली तर त्या जनावराने ती सोडावी तरी का?

अस्वल आपल्या तंबूपाशी येतं ते बहुधा आपल्यावर राग धरून नाही. त्याला तिथे खाणं मिळतं हे माहीत झालेलं असतं. आणि हे त्याला माणसांनीच शिकवलं आहे, तेही सरकारी देखरेखीखाली, बाकं मांडून.

यलोस्टोन हे अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२ सालचं. तिथल्या हॉटेलांचा खरकटा कचरा जिथे टाकला जाई तिथे संध्याकाळी अस्वलं जमत, आणि अस्वलं बघायला पर्यटक जमत. पुढे ऑटर क्रीकपाशी प्रेक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांची बैठकच बांधली गेली. समोर ग्रिझली जातीची धिप्पाड अस्वलं खरकट्यावर तुटून पडलेली, आणि रेंजर घोड्यावर बसून लोकांना अस्वलांविषयी माहिती सांगतोय. १९४१ च्या सुमारास हा तमाशा बंद झाला. योसेमिटीतही तसंच होतं. १९२० च्या दशकापासून दरीत रात्री दिवे लावून अस्वलांना खायला घातलं जाई, ते १९४० च्या आसपास थांबलं. तमाशा थांबला, पण कचऱ्याचे ढीग तिथेच राहिले. रस्त्याच्या कडेला गाडीच्या काचेतून सँडविच पुढे करणारे हातही राहिले.

याचा शेवट १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री झाला, असं म्हणायला हरकत नाही. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर उद्यानात त्या एका रात्रीत, एकमेकांपासून कित्येक मैलांवर असलेल्या दोन जागी, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी उघड्यावर झोपलेल्या दोन तरुणींना ठार केलं. दोघीही एकोणीस वर्षांच्या. १९१० मध्ये उद्यान स्थापन झाल्यापासून तिथे अस्वलाने माणूस मारल्याची ती पहिलीच घटना होती, आणि एकाच रात्री दोनदा घडली. दोन्ही जागांचं एक साम्य होतं. एका ठिकाणी डोंगरावरच्या विश्रामगृहाचं खरकटं अस्वलांना रोज मिळत होतं, पाहुणे ते कौतुकाने बघत होते. दुसऱ्या ठिकाणी तळ्याकाठच्या शिबिरांमधून एक अस्वल उन्हाळाभर अन्न पळवत होतं आणि तक्रारी होऊनही त्याचं काही केलं गेलं नव्हतं.

त्यानंतर कारभार बदलला, पण बदलतानाही वाद झालाच. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे जुळे भाऊ यलोस्टोनच्या ग्रिझलींच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधून त्यांचा अभ्यास करणारे पहिले संशोधक. कचऱ्याचे ढीग बंद करा, पण हळूहळू करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे पोट भरणारी अस्वलं एका फटक्यात बाहेर काढलीत तर ती सरळ तंबूंकडे वळतील. उद्यानाच्या व्यवस्थापनाने घाई केली. ट्राउट क्रीकचा ढीग १९७० साली बंद झाला. अस्वलं तंबूंकडे वळली, पुष्कळ मारली गेली, आणि १९७५ साली ग्रिझलीला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घालावं लागलं. ढीग बंद करायलाच हवे होते, याबद्दल आज कुणाचं दुमत नाही. वेगाच्या बाबतीत मात्र मला क्रेगहेड बंधूंचं म्हणणं पटतं.

योसेमिटीत नेमकं हेच झाल्याचा एक वेगळाच पुरावा आहे. संग्रहालयांत जपलेल्या जुन्या अस्वलांचे केस आणि हल्लीच्या अस्वलांचे केस घेऊन त्यांतल्या कार्बन-नायट्रोजनच्या प्रमाणावरून त्यांनी काय खाल्लं होतं ते काढता येतं; मक्यावर आणि मांसावर पोसलेल्या माणसाच्या अन्नाची खूण केसात उतरते. जॅक हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात विसाव्या शतकाच्या आरंभी, माणसाचं अन्न खाणाऱ्या अस्वलांच्या आहारात त्या अन्नाचा वाटा सुमारे १३ टक्के निघाला. तमाशांच्या काळात तो २७ वर गेला. आणि १९७५ ते १९८५ या दशकात, म्हणजे तमाशे बंद होऊन पस्तीस वर्षं झाल्यावर आणि कचऱ्याचे ढीगही गेल्यावर, तो ३५ टक्के होता! सरकारी पंगत उठली आणि अस्वलं घरोघर, म्हणजे तंबूतंबूंत, जेवायला जाऊ लागली. पर्यटक वाढले होते, तंबू वाढले होते, आणि प्रत्येक तंबूचा स्वतंत्र कोठीघराचा कारभार होता.

त्या काळी उपाय एकच सांगितला जाई: दोरी. शिधा पिशवीत भरा, झाडाच्या फांदीवरून टांगा. ऐकायला हे सोपं वाटतं. पुस्तकी माप असं की पिशवी जमिनीपासून बारा फूट वर आणि खोडापासून सहा फूट लांब असावी. बरं, दोरीचं टोक खोडाला बांधलं तर अस्वल दोरीच चावून तोडतं. म्हणून पुढची पायरी आली, दोन सारख्या वजनाच्या पिशव्या फांदीच्या दोन बाजूंना तराजूसारख्या लोंबत्या ठेवायच्या, बांधलेलं टोकच नाही. दिवसभर चालून थकलेल्या माणसाने अंधार पडताना योग्य जाडीची, योग्य उंचीची, टोकाला बारीक होत जाणारी फांदी शोधायची, दगडाला दोरी बांधून ती वर फेकायची, दगड पाचदा चुकीच्या जागी पडणार, सहाव्यांदा दोरी अडकणार. योसेमिटीच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या अस्वलांनी याचीही उत्तरं काढली. माद्या वजनदार म्हणून फांदीच्या टोकाला जाऊ शकत नसत, तर त्या पिल्लांना पाठवत. काही अस्वलं फांदीवरून सरळ खाली झेप घेत आणि पडता पडता पिशवी घेऊन जात. पिल्लं हे आईबरोबर राहूनच शिकतात. रेचेल मेझर या संशोधिकेने योसेमिटी आणि सेकोया इथल्या अस्वलांच्या निरीक्षणांवरून तसं दाखवून दिलं आहे. तेव्हा एका मादीला धडा मिळाला की तो पुढच्या पिढीलाही मिळतो.

दोरीचा दोष अस्वलांच्या हुशारीत शोधू नये. तिचा खरा दोष असा की ती शंभर जणांतल्या नव्वदांना नीट बांधता येत नाही, आणि अस्वलाला शंभरांतले दहाच पुरतात. जिथे दोरीची जबाबदारी पाहुण्याकडून काढून घेतली तिथे तीच कल्पना चालली. ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात रानातल्या मुक्कामाच्या जागी पोलादी तारा आणि कप्प्या कायमच्या बसवल्या आहेत. पिशवी अडकवा, ओढा, झालं. त्याच उद्यानात पूर्वी निवाऱ्यांना पुढून जाळी लावलेली असे, म्हणजे माणसं आत सुरक्षित. झालं असं की माणसं जाळीतून अस्वलांना खाऊ भरवू लागली. जाळ्या काढाव्या लागल्या. पिंजऱ्यातल्या प्राण्याला बाहेरच्या प्राण्याने खायला घालायचं, ही प्राणिसंग्रहालयाची रीत इथे पार उलटी झाली होती.

१९९८ हे योसेमिटीचं सर्वांत वाईट वर्ष. त्या एका वर्षात अस्वलांच्या सुमारे १,६०० घटना नोंदल्या गेल्या, नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या घरात. वॉशिंग्टनपर्यंत ओरड पोचली आणि १९९९ पासून काँग्रेसने या कामासाठी वर्षाला पाच लाख डॉलर मंजूर केले. त्या पैशातून जे उभं राहिलं त्यात नवलाईचं काही नाही. प्रत्येक तंबूच्या जागेशी आणि गाडीतळाशी पोलादी पेट्या बसल्या. कचऱ्याच्या डब्यांना कड्या लागल्या. रात्री बॅटरी घेऊन गाड्यांमध्ये डोकावत फिरणारे रेंजर नेमले गेले. तंबूंपाशी आलेल्या अस्वलाला ओरडून, रबरी गोळ्या मारून हुसकावणं सुरू झालं. आणि दंड, जो पाच हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. घटना पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटल्या. केसांच्या त्या अभ्यासातही २००१ ते २००७ च्या अस्वलांमध्ये माणसाच्या अन्नाचा वाटा पुन्हा १३ टक्क्यांवर आलेला दिसतो, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी होता तिथे.

पेटीची कडी बघण्यासारखी असते. ती उघडी नसते. पत्र्याच्या एका खोबणीत आत दडवलेली असते. माणसाची बोटं खोबणीत जाऊन वर वळतात आणि कडी उचलतात. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत मावत नाही. सगळी करामत एवढीच. नियमही तितकाच साधा: अंधार पडल्यावर गाडीत अन्न ठेवायचं नाही. दिवसा काचा बंद करून, नजरेआड ठेवलेलं चालतं; रात्री नाही. आणि पेटी नुसती ढकलून चालत नाही, कडी बसल्याचा आवाज यायला हवा. जेवण चालू असतानाही पेटी उघडी टाकून नळावर भांडी घासायला गेलात तर अस्वलाला तेवढा वेळ भरपूर झाला.

रानात खोल चालत जाणाऱ्यांना पेटी कुठून मिळणार? त्यांच्यासाठी डबा आला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या विसेलिया गावात गार्सिया यांच्या मशीन शॉपमध्ये सेकोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांच्या गरजेतून एक काळा, गुळगुळीत, प्लास्टिकचा दंडगोल डबा तयार झाला. अलास्कातल्या डेनाली उद्यानातही त्याच सुमारास असे डबे वाटायला सुरुवात झाली. हा डबा आपल्या घरच्या पिठाच्या डब्याएवढा, वजन सव्वा किलोच्या आसपास, आत दहा लिटरची जागा. अस्वलाला त्यात दात रोवायला कड नाही, नख अडकवायला फट नाही, जबड्यात मावणार नाही इतका व्यास. झाकणाच्या दोन खाचा नाण्याने फिरवून उघडायच्या. अस्वलाच्या खिशात नाणं नसतं, हा तिथला जुना विनोद. आज योसेमिटीच्या संपूर्ण रानात असा डबा सक्तीचा आहे आणि दोरीने टांगणं बेकायदा. विकत घ्यायचा नसेल तर परवाना घेतानाच भाड्याने मिळतो.

डबा खरंच टिकतो की नाही हे ठरवतं कोण? अस्वलंच. मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोन गावी ग्रिझली अँड वुल्फ डिस्कव्हरी सेंटर आहे. जंगलात परत सोडता येणार नाहीत अशा ग्रिझली तिथे राहतात. त्यांतल्या कित्येक तिथे आल्या त्याच माणसाच्या अन्नाची चटक लागल्यामुळे. कंपन्या आपले डबे, कूलर, कचरापेट्या पाठवतात. आत पीनट बटर, मासे वगैरे भरून ते अस्वलांपुढे टाकतात. अस्वलांनी तासभर त्यावर कुस्ती केली आणि तरी आत शिरता आलं नाही, तर वस्तू पास. इंटरएजन्सी ग्रिझली बेअर कमिटी ही सरकारी समिती त्यावर शिक्का देते. काही वस्तू मिनिटा-दोन मिनिटांत गारद होतात. इतका प्रामाणिक परीक्षक विद्यापीठातही मिळणार नाही.

पण परीक्षेला बसलेली अस्वलं म्हणजे जगातली सगळी अस्वलं नव्हेत. न्यू यॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत एक काळी मादी होती. कानांतल्या दोन पिवळ्या बिल्ल्यांवरून तिचं नाव पडलं येलो-येलो. हाय पीक्स भागात २००५ साली डबा सक्तीचा झाला आणि बहुतेक अस्वलांनी नाद सोडला. हिने नाही. बेअरव्हॉल्ट नावाच्या पारदर्शक डब्याचं झाकण आटे असलेलं असतं; आत दाबायचा एक उंचवटा, तो दाबला की झाकण पुढे फिरतं. लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीत असतं तीच कल्पना. येलो-येलो दाताने तो उंचवटा दाबी आणि झाकण फिरवी. कंपनीने पुढच्या नमुन्यात एकाऐवजी दोन उंचवटे केले. तिने तेही जमवलं. अखेर त्या भागात हा डबा नेऊ नका, असं सांगायची वेळ आली. अंगाने ही मादी लहानखुरी, माणसाला बुजणारी. कुणावर धावून गेल्याची तिची ख्याती नव्हती. २०१२ च्या शरदात एका शिकाऱ्याने परवान्यानिशी तिला मारलं तेव्हा तिचं वय वीसच्या आसपास होतं. डबा करणाऱ्यांना वठणीवर आणणारी अशी परीक्षक विरळाच.

डब्याच्या विरोधातलं म्हणणंही ऐकायला हवं. तो जड आहे, सॅकमध्ये वेडावाकडा बसतो, रिकामा झाला तरी आकार तेवढाच. कार्बन फायबरचे हलके डबे मिळतात, पण त्यांची किंमत कित्येकशे डॉलर. म्हणून लांब पल्ल्याचे चालणारे पिशवीकडे वळतात. अर्सॅक ही पिशवी बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटांत वापरतात तसल्या धाग्याची. ती खोडाला घट्ट बांधायची. अस्वल ती फाडू शकत नाही. २०१४ मध्ये तिला ग्रिझली समितीची मान्यता मिळाली, पण योसेमिटी आणि तिच्या शेजारची उद्यानं ती अजून मानत नाहीत. माझ्या मते उद्यानांचं बरोबर आहे. पिशवी फाटली नाही तरी अस्वल तासभर ती चावत बसतं, आतल्या पोह्यांचा लगदा होतो, रस झिरपतो आणि अस्वलाला चव कळते. चव कळलेलं अस्वल दुसऱ्या रात्री परत येतं. तुमचा शिधा वाचला, पण तुमच्यामागून येणाऱ्याचं काय? काही जण तर शिधा तंबूत उशाशी घेऊन झोपतात आणि 'माझ्याकडे कधी आलं नाही' असं सांगतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

डब्यात काय जायचं, यावर मराठी माणसाची बहुतेक वेळा गल्लत होते. त्याला वाटतं, शिधा तेवढा. अस्वलाच्या लेखी वास येणारं सगळं अन्न. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, बाळाचे ओले वाइप्स, औषधी गोळ्या, कचऱ्याची पिशवी, सगळं आत. रिकामा कूलरसुद्धा पोलादी पेटीत, कारण योसेमिटीतली अस्वलं कूलर नजरेने ओळखतात. आत काय आहे ते फोडल्यावर बघतात. भरताना खोक्यातून, बरणीतून सगळं बाहेर काढून पातळ पिशव्यांत भरावं आणि हवा दाबून काढावी. पातळ पोहे आणि चिवडा जागा फार खातात. त्यांच्याऐवजी जाड पोहे, सातू, शेंगदाण्याचं कूट, मेतकूट, दाण्याची चटणी, खजूर, तूप हे दाटीवाटीने बसतं. दहा लिटरच्या डब्यात एका माणसाचा चार-पाच दिवसांचा शिधा आरामात मावतो. लोणच्याची बरणी घरी राहू द्यावी. पहिल्या दिवशी दुपारचं जेवण वरच ठेवावं, म्हणजे संध्याकाळी टूथपेस्टला जागा होते. रात्री डबा तंबूपासून दूर, सपाट जमिनीवर ठेवावा. कड्याच्या किंवा पाण्याच्या जवळ नाही. योसेमिटीतल्या स्नो क्रीकपाशी एका अस्वलाने डबे उघडायचा प्रयत्नच सोडला आणि ते कड्यावरून खाली ढकलून फोडायला सुरुवात केली होती.

ग्रिझलीच्या मुलखात नियम आणखी कडक. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, पण राज्यात ती १९२० च्या दशकातच संपली. आज तिथे फक्त काळं अस्वल. यलोस्टोन, ग्लेशियर, अलास्का इथे मात्र ग्रिझलीशीच गाठ. तिथे झोपायची जागा, स्वयंपाकाची जागा आणि शिधा ठेवायची जागा एकमेकांपासून शंभर यार्डांवर ठेवायला सांगतात. हिंगाची फोडणी दिली असेल त्या कपड्यांत झोपायचं नाही. बेअर स्प्रे म्हणजे तिखटाचा फवारा यलोस्टोनमध्ये जवळ बाळगायलाच हवा; योसेमिटीत त्याला बंदी आहे, ते जाण्याआधी बघून घ्यावं.

अस्वलाने एकदा शिधा नेला तर तो गेला म्हणायचा. तो परत घेऊ नये. ही गोष्ट जपानमध्ये फार महागात शिकली गेली. जुलै १९७० मध्ये होक्काइदोतल्या हिदाका डोंगरांत फुकुओका विद्यापीठाच्या गिर्यारोहण मंडळाचे पाच विद्यार्थी होते. एक तपकिरी अस्वल त्यांच्या सॅकमधलं अन्न खाऊ लागलं. मुलांनी त्याला पळवून लावून सॅक परत आणल्या. अस्वलाच्या हिशेबी त्या सॅक आता त्याच्या होत्या. ते परत आलं, पुन्हा आलं, त्यांच्या मागावरच राहिलं. पाचांतले तिघे मेले.

आपल्याकडे काय? सह्याद्रीच्या गडांवर डब्यावर धाड घालतात ती माकडं. विदर्भातलं अस्वल, मेळघाट, ताडोबा, ज्ञानगंगा, गडचिरोली इथलं, वेगळ्या जातीचं आहे. त्याचा भर वाळवी, मुंग्या, मध, बोरं, जांभळं आणि मोहाच्या फुलांवर. ते तुमच्या डब्यासाठी तंबूपाशी येण्याची शक्यता कमी. धोका आहे तो पहाटे मोह वेचताना समोरासमोर येण्याचा. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये त्या भागात मोहाच्या झाडाखाली मुक्काम टाकू नये, एवढं पुरे. पण ही जात माणसाच्या अन्नाला भुलत नाही असं कुणी समजू नये. माउंट अबूत ती हॉटेलांच्या कचऱ्यावर येते. छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळच्या चंडीमातेच्या देवळात ती संध्याकाळी प्रसाद खायला येते आणि लोक जवळ उभे राहून फोटो काढतात. यलोस्टोनची बाकं तेवढी इथे नाहीत.

खरी काळजी हिमालयाची. काश्मीरमध्ये सोनमर्गच्या परिसरातल्या तपकिरी अस्वलांच्या विष्ठेत प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या भुकटीची आणि चॉकलेटची वेष्टनं सापडल्याचं वाइल्डलाइफ एसओएस संस्थेच्या अभ्यासात दिसून आलं. ग्रेट लेक्स ट्रेक त्याच सोनमर्गपासून सुरू होतो, आणि जुलै ते सप्टेंबर त्या वाटेवर मराठी किती ऐकू येते ते जाणारे जाणतात. हे तपकिरी अस्वल ग्रिझलीचंच भाऊबंद, आणि भारतात उरलेली संख्या अगदी थोडी. व्यापारी ट्रेकवर शिधा आपल्या सॅकमध्ये नसतो; तो स्वयंपाकाच्या तंबूत, गोण्यांत आणि क्रेटमध्ये पडून असतो, आणि खरकटं मागच्या खड्ड्यात. अमेरिकेने पन्नास-साठ वर्षं जिथे ठेच खाल्ली, तिथेच आपण उभे आहोत, फरक एवढाच की आपल्याकडे पोलादी पेटी सक्तीची करणारं अजून कुणी नाही.

तेव्हा येत्या हंगामात काश्मीर, हिमाचल किंवा उत्तराखंडच्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारा. रात्री शिधा कशात ठेवता? स्वयंपाकाचा तंबू आमच्या तंबूंपासून किती लांब असतो? खरकटं आणि वेष्टनं खाली कोण आणतं, की तिथेच पुरता? उत्तर 'तिकडे अस्वलं येत नाहीत' असं आलं, तर दुसरा आयोजक शोधा.